अपंगांच्या क्रीडा व साहाय्यकाचें स्थान



२९ जुलै १९४८ या दिवशीं लंडन शहरीं वेंब्लेच्या भव्य क्रीडांगणांत ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन झालें. महायुद्धामुळें बारा वर्षें खंडित झालेली ती परंपरा पुन्हां सुरू होत होती; खुद्द इंग्लंडचे राजे उद्घाटनास उपस्थित होते, आणि साऱ्या जगाचे डोळे त्या सोहळ्याकडे लागले होते. त्याच दिवशीं, लंडनच्या वायव्येस बकिंगहॅमशर परगण्यांत, स्टोक मँडेव्हिल नांवाच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर दुसरा एक सामना चालला होता. स्पर्धक अवघे सोळा. चौदा पुरुष व दोन स्त्रिया. सारीं पूर्वीं सैन्यांत असलेलीं, आणि पाठीच्या कण्यास इजा होऊन कमरेखालीं लुळीं पडलेलीं. चाकांच्या खुर्च्यांत बसून तीं धनुष्यबाणानें नेम मारीत होतीं. एका बाजूस रुग्णालयाचा स्वतःचा संघ, दुसऱ्या बाजूस रिचमंड येथील ‘स्टार अँड गार्टर’ या अपंग सैनिकांच्या आश्रमाचा संघ. आणि त्या दिवशीं पाहुण्यांची सरशी झाली.

या लहानशा सामन्यांतून पुढें ज्या पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या, त्यांतील विजेत्यांचा इतिहास आतां पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतो. आज मला निराळ्या माणसांविषयीं बोलावयाचें आहे. स्पर्धकाच्या शेजारीं, मागें, क्वचित् पुढें उभा राहणारा जो साहाय्यक, कोणी खुर्ची उचलणारा, कोणी भाषा समजावून देणारा, कोणी अंधाबरोबर धांवणारा, त्याचें स्थान नेमकें कोणतें, हा प्रश्न गेल्या पाऊणशें वर्षांत कसकसा पुढें आला आणि त्याचीं उत्तरें कशीं मिळत गेलीं, तें आपण पाहूं. प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. दुबळ्यास हात द्यावा हें आपणांस लहानपणापासून शिकवितात. तो हात केव्हां आवरावा, हें मात्र सहसा कोणी शिकवीत नाहीं.

स्टोक मँडेव्हिलच्या सामन्यांचे जनक डॉक्टर लुडविग गुटमन हे मूळचे जर्मनींतील ज्यू. १८९९ सालीं त्यांचा जन्म झाला. ब्रेस्लाउ शहरीं मज्जातंतूंच्या रोगांचे निष्णात वैद्य म्हणून त्यांनीं नांव मिळविलें होतें; परंतु नाझी राजवटींत त्यांना देश सोडावा लागला, आणि १९३९ च्या वसंत ऋतूंत ते कुटुंबासह इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथें पृष्ठरज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला, त्याचें प्रमुखपद त्यांजकडे सोंपविण्यांत आलें.

त्या काळीं अशा रुग्णाची आशा कोणी धरीत नसे. पहिल्या महायुद्धांत कमरेखालचा भाग निकामी झालेले बहुतेक सैनिक दोनतीन वर्षांच्या आंत दगावले होते. इजेनें ते मरत नसत. अंथरुणांत पडून पडून पाठीला क्षतें पडत, मूत्रपिंडांत विष भिनें, आणि माणूस हळूहळू विझत जाई. भोंवतालचीं माणसें निर्दय नव्हतीं. उलट, ‘बिचाऱ्याला आतां कशाला त्रास द्यावयाचा’ या दयेनेंच तीं त्याला स्वस्थ पडूं देत. गुटमन यांनीं पहिला नियम घालून दिला तो असा, कीं प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें. दिवसा आणि रात्रींहि. परिचारिकांना हें काम अतिशय जड गेलें असेल. पण त्यानें क्षतें भरूं लागलीं आणि माणसें वांचूं लागलीं.

मग वांचलेल्या माणसानें करावयाचें काय, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. गुटमन यांचें उत्तर होतें, काम आणि खेळ. रुग्णालयांत सुतारकामाच्या व घड्याळदुरुस्तीच्या शाळा निघाल्या, आणि अंगणांत चाकांच्या खुर्च्यांवरून पोलोचा खेळ सुरू झाला. खेळ कसा काय जमतो हें पाहण्यासाठीं गुटमन व त्यांचे एक व्यायामशिक्षक स्वतः खुर्च्यांत बसून रुग्णांशीं सामना खेळले, अशी हकीकत आहे. पोलो पुढें फार धसमुसळा ठरून बंद पडला आणि त्याची जागा चेंडूच्या दुसऱ्या खेळांनीं घेतली. पण त्या सामन्यांतील एक गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. साहाय्य करणारा मनुष्य त्या दिवशीं खुर्ची ढकलण्यास मागें उभा राहिला नाहीं. तो खुर्चींत बसला, आणि त्याला कळून आलें कीं या आसनावर आपणच अडाणी आहोंत व समोरचा रुग्ण आपल्याहून तरबेज आहे. साहाय्यकाच्या शिक्षणाचा आरंभ येथें झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

सामने दरवर्षीं भरूं लागले. १९५२ सालीं हॉलंडमधून एक संघ आला आणि त्यांना आंतरराष्ट्रीय स्वरूप आलें. पुढें १९६० च्या सप्टेंबरांत, रोम येथील ऑलिंपिक सामने संपतांच, त्याच शहरीं अपंगांच्या स्पर्धा भरविण्याचें धाडस करण्यांत आलें. इटलींतील डॉक्टर आंतोनियो माल्यो यांनीं ही जबाबदारी शिरावर घेतली होती. तेवीस देशांतून सुमारे चारशें खेळाडू आले. आजच्या गणनेप्रमाणें हीच पहिली पॅरालिंपिक स्पर्धा.

परंतु या खेळाडूंना उतरण्यास जीं घरें अखेरीस मिळालीं तीं खांबांवर उचललेलीं होतीं. वर जावयाचें तें जिन्यानें! पाळण्याची सोय असलेल्या इमारती आयत्या वेळीं मिळाल्या नाहींत. चाकांच्या खुर्चींतील शेंकडों पाहुणे आणि पुढ्यांत पायऱ्या, असा तो पेंच होता. तेव्हां इटलीच्या सैन्यांतील जवानांना पाचारण करण्यांत आलें. त्यांनीं सकाळ-संध्याकाळ खेळाडूंना खुर्च्यांसकट उचलून खालीं आणावें आणि वर न्यावें, असा क्रम स्पर्धा संपेपर्यंत चालला.

या प्रसंगाकडे दोन दृष्टींनीं पाहतां येतें. त्या जवानांचे कष्ट खरे होते आणि त्यांजविना स्पर्धा पारच पडली नसती. पण पायऱ्यांच्या ऐवजीं उतार बांधलेला असता, तर त्यांतील कोणालाहि उचलण्याची गरज पडती ना. तिरंदाजींत ज्याचे बाहू पोलादासारखे त्या मनुष्यास, न्याहारीला जावयाचें तर दुसऱ्याच्या खांद्याची वाट पाहत बसावें लागलें. साहाय्याची गरज पुष्कळदां माणसाच्या शरीरांत नसून त्याच्यासमोर बांधलेल्या जिन्यांत असते, हा धडा रोमनें शिकविला. जिना तसाच ठेवून उचलणाऱ्यांचें कौतुक करीत राहणें, ही चूक आपल्याहि शहरांत अजून थांबलेली नाहीं. आपलीं टपालकचेऱ्या, ग्रंथालयें, नाट्यगृहें आणि देवालयें डोळ्यांपुढें आणावीं म्हणजे पुरे.

चार वर्षांनीं, नोव्हेंबर १९६४ मध्यें, स्पर्धा तोकियो येथें भरल्या. तेथील प्रमुख चालक डॉक्टर युताका नाकामुरा हे ओइता प्रांतांतील अस्थिवैद्य. १९६० सालीं ते स्टोक मँडेव्हिल येथें गुटमन यांजपाशीं राहून शिकून आले होते. परत येऊन १९६१ मध्यें त्यांनीं आपल्या प्रांतांत अपंगांचे सामने भरविले, तेव्हां त्यांच्यावर टीकेची झोड उठली. अपंगांना लोकांसमोर आणून त्यांचा तमाशा मांडतां काय, असा सवाल त्यांना करण्यांत आला. विचारणारे दुष्ट नव्हते. त्यांत वैद्यकीय व्यवसायांतील लोकहि होते. अपंगास झांकून ठेवण्यांतच त्याची अब्रू आहे, असें त्यांना मनापासून वाटत होतें. आपल्या समाजांतहि कित्येक घरांत पाहुणे आले म्हणजे एखाद्या मुलाला माजघरांत बसविलें जात असे. तेव्हां जपानी लोकांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

तोकियोच्या स्पर्धेत साहाय्यकांचा एक नवाच वर्ग उदयास आला. एकवीस देशांचे खेळाडू येणार, त्यांची भाषा कोणी समजून घ्यावयाची? जपानी रेडक्रॉसच्या युवक शाखेच्या प्रमुख साचिको हाशिमोतो यांनीं महाविद्यालयांतील विद्यार्थी व इतर तरुण मंडळी जमवून दुभाष्यांचें एक स्वयंसेवक पथक उभारलें. संख्या सुमारे दीडशें. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन इत्यादि भाषा जाणणाऱ्या या तरुणांना स्पर्धेपूर्वीं कांहीं महिने शिक्षण देण्यांत आलें. ज्या मनुष्याशीं बोलावयाचें त्याच्या शरीराची अवस्था काय आहे, त्याला कोणती अडचण येऊं शकते, हें ठाऊक नसेल तर नुसत्या भाषेचा उपयोग थोडा, हें चालकांनीं ओळखलें होतें. या कार्यांत पुढेंहि आयुष्य वेंचणाऱ्या हाशिमोतोबाईंना १९७२ सालीं रेडक्रॉसचें हेन्री ड्युनांट पदक मिळालें.

दुभाष्याचें काम साहाय्याचा उत्तम नमुना आहे असें मला वाटतें. खुर्ची उचलणारा मनुष्य क्षणभर तरी अपंगाहून बलवान ठरतो. दुभाष्याचें तसें नाहीं. आलेला पाहुणा आपल्या भाषेंत पंडित असेल आणि दुभाषी नुकताच मिसरूड फुटलेला विद्यार्थी. त्यानें आपलें मत मध्यें घालावयाचें नाहीं, पाहुण्याचें वाक्य गोड करावयाचें नाहीं, आणि पाहुणा रागावला असेल तर तो रागसुद्धां पलीकडे पोंचवावयाचा. दुसऱ्याचें म्हणणें दुसऱ्याचेंच ठेवून पोंचविणें, ही सेवा दिसावयास लहान, पण करावयास कठीण.

या तरुणांना, आणि त्यांजबरोबर साऱ्या जपानला, त्या पांच दिवसांत एक धक्का बसला. यजमान देशाच्या त्रेपन्न खेळाडूंपैकीं बहुतेक जण रुग्णालयांतून किंवा आश्रमांतून आलेले होते. ज्याला पोटापाण्याचा उद्योग आहे असा मनुष्य त्यांत विरळा. पाश्चात्त्य पाहुण्यांत मात्र कोणी कारकून, कोणी कारागीर, कोणी व्यापारी. त्यांना घरें होतीं, संसार होते; संध्याकाळीं ते हंसतखिदळत शहर पाहावयास बाहेर पडत. इजा तीच, पण आयुष्यें किती निराळीं! नाकामुरा यांनीं या धक्क्याचा अर्थ बरोबर ओळखला. पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, त्यांनीं बेप्पु येथें ‘सूर्याचें घर’ या अर्थाच्या नांवाची एक संस्था काढली. तेथें अपंगांनीं काम करावें, वेतन मिळवावें व स्वतंत्रपणें राहावें, अशी योजना होती. दानधर्म नको, संधि द्या, हें त्या संस्थेचें ब्रीद. क्रीडांगणावर साहाय्य करून जर स्वयंसेवक घरीं परतला आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या कचेरींत त्या खेळाडूला नोकरी नाकारण्यांत आली, तर त्या साहाय्याचें मोल किती, हा नाकामुरांचा प्रश्न आजहि विचारावयासारखा आहे.

यानंतरचा टप्पा १९७६ चा. त्या वर्षीं कॅनडांतील टोरोंटो येथें अंध व अवयवहीन खेळाडूंनाहि प्रथमच या स्पर्धांत प्रवेश मिळाला. त्याबरोबर साहाय्यक मैदानाच्या कडेवरून प्रत्यक्ष मैदानांत आला. पूर्ण अंध धांवपटूच्या शेजारीं एक डोळस सोबती धांवतो. दोघांच्या हातांत एक आंखूड दोरी असते. तिच्यावरून वळण केव्हां आलें, वेग किती ठेवावयाचा, हें सोबती सुचवितो. पण नियम फार कडक आहेत. सोबत्यानें दोरी ओढून अंधाला पुढें खेंचावयाचें नाहीं, मागून रेटावयाचें नाहीं. आणि शेवटची रेषा अंध धांवपटूनें सोबत्याच्या आधीं ओलांडली पाहिजे. सोबती पुढें गेला तर दोघेहि बाद! त्यामुळें सोबती मुळांतच चांगला वेगवान असावा लागतो. जो जेमतेम बरोबरीनें धांवतो त्याला बोलावयास व मार्ग दाखवावयास दम उरणार नाहीं. म्हणजे पुढें जाण्याची शक्ति अंगीं असलेल्यानेंच पुढें न जाण्याचें व्रत घ्यावयाचें.

आपल्याकडे अंधपंगुन्याय प्रसिद्ध आहे. अंधाच्या खांद्यावर पांगळा बसतो. एक पाय देतो, दुसरा डोळे देतो, आणि दोघे मिळून रान ओलांडतात. सांख्यांनीं हा दृष्टान्त प्रकृति व पुरुष यांच्या संबंधासाठीं योजिला. त्यांत दाता कोण आणि याचक कोण, हें सांगतां येत नाहीं, हेंच त्याचें सौंदर्य. या धांवपटूंच्या जोडीला तो दृष्टान्त बराचसा लागू पडतो. २०२४ सालीं पॅरिस येथें भारताच्या सिमरन शर्मा यांनीं अंशतः अंध स्त्रियांच्या दोनशें मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां त्यांच्यासमवेत अभय सिंग हे सोबती धांवत होते. शर्यत एक, पाय चार, आणि लय एकच.

याहूनहि कठीण व्रत एका दुसऱ्या खेळांत आहे. बोचिया नांवाचा चेंडूफेकीचा खेळ १९८४ पासून या स्पर्धांत आहे. ज्यांच्या हातापायांत चेंडू फेंकण्याइतकीहि शक्ति नाहीं असे खेळाडू त्यांत एका उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतात. पन्हळ कोणत्या दिशेस वळवावी, चेंडू किती उंचीवर ठेवावा, हें खेळाडू सांगतो व साहाय्यक तसें करतो. परंतु साहाय्यकानें मैदानाकडे पाठ करून बसावयाचें असतें. मागें वळून चेंडू कोठें पडले तें पाहावयाचें नाहीं, आपला सल्ला द्यावयाचा नाहीं. पुष्कळदां हा साहाय्यक त्या खेळाडूची आई किंवा बाप असतो. ज्या मुलाचा प्रत्येक घांस आपण भरविला, त्याच्या सर्वांत मोठ्या सामन्यांत त्याच्या तोंडाकडे पाहत, मैदानाकडे पाठ करून बसावयाचें, आणि त्याचा निर्णय चुकला तरी चुकूं द्यावयाचा! श्रीकृष्णानें शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करून अर्जुनाचें सारथ्य पत्करलें; पण भीष्माच्या बाणांपुढें अर्जुन ढिला पडलेला पाहतांच तोहि रथाखालीं उडी टाकून धांवला, आणि अर्जुनानें पाय धरून त्याला मागें आणलें. सारथ्य करणाऱ्याला हा मोह होतोच. त्याला आवरण्याचा अधिकार रथांत बसलेल्याचा आहे, हें मात्र विसरतां कामा नये.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध मुरलीकांत पेटकर यांच्या रूपानें येतो. सांगली जिल्ह्यांतील हा जवान सैन्यांत मुष्टियुद्ध खेळत असे. १९६५ च्या युद्धांत त्यांच्या शरीरांत अनेक गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचें बळ गेलें. मुंबईच्या नौदल रुग्णालयांत उपचार चालू असतांना पोहणें हा व्यायाम म्हणून सांगण्यांत आला, आणि त्या उपचारांतून एक जलतरणपटु निर्माण झाला. १९७२ च्या ऑगस्टांत पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलें. पॅरालिंपिक स्पर्धेत भारताला मिळालेलें हें पहिलें सुवर्णपदक. त्यांना परदेशीं पाठविण्याच्या कामीं विख्यात क्रिकेटपटु विजय मर्चंट यांनीं साहाय्य केलें. क्रिकेटवरील त्यांच्या नभोवाणी-कार्यक्रमामुळें मर्चंट यांचा आवाज एके काळीं घरोघरीं परिचित होता. या साहाय्याची वार्ता मात्र थोड्यांच्या कानीं गेली. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनीं. तिकिटाचे पैसे देणारा एक मनुष्य वेळेवर भेटला, समाजाची दाद मात्र फार उशिरा आली.

आतां या कार्याचा व्याप फार वाढला आहे. २०१२ सालीं लंडन येथें ऑलिंपिक व पॅरालिंपिक अशा दोन्ही स्पर्धा मिळून सुमारे सत्तर हजार स्वयंसेवक राबले. त्या सोळा तिरंदाजांच्या दिवसापासून हें अंतर किती! तरी स्वयंसेवकाला द्यावयाची शिकवण चारदोन वाक्यांतच मावते. खुर्चीला हात लावण्यापूर्वीं विचारावें. ती खुर्ची त्या माणसाच्या देहाचाच भाग आहे. अंधाचा हात आपण धरूं नये. आपली कोपर पुढें करावी व त्याला ती धरूं द्यावी. बोलावयाचें तें खेळाडूशीं बोलावें, त्याच्या सोबत्याशीं नव्हे. आणि ‘नको’ असें उत्तर आलें तर रागावूं नये.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. मदत नाकारली गेली म्हणजे आपणांस अपमान वाटतो, आणि तो वाटला म्हणजे समजावें कीं आपण मदत देत नव्हतों, कृतज्ञता विकत घेत होतों. पुणें, मुंबई, नागपूर अशा शहरांतून अंध व अपंग मुलांच्या शाळांचे क्रीडामहोत्सव भरतात. तेथें पाणी देणारे, अंतर मोजणारे, शर्यतीच्या रेषेशीं उभे राहून हांक देणारे हात पाहिजे असतात. श्रोत्यांपैकीं कोणास सवड असेल त्यानें एक दिवस तेथें जाऊन यावें. जातांना दया घरीं ठेवून जावें, आणि घड्याळ मात्र बरोबर न्यावें. कारण कोणत्याहि धांवपटूप्रमाणें त्या मुलांनाहि आपल्या डोळ्यांतील पाण्यापेक्षां आपली वेळ किती लागली हेंच जाणून घ्यावयाचें असतें.